'प्रेतकळा'साठी एक वाक्य

३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. शब्दकोशासाठी तू शब्द पाठवायचास आणि ताईने त्याचं वाक्य सांगायचं, हा आपला नेम. म्हणून सवयीने तिच्यापाशी बसून मोठ्याने वाचलं. 'प्रेतकळा' तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

ताईने आरसा मागितला आणि म्हणाली, घे लिहून: 'माझ्या तोंडावर प्रेतकळा आली, म्हणून बाळ्या फिरकत नाही.' तुला अजून बाळ्याच म्हणते ती. वर विचारते, संपादकसाहेबांना पसंत पडेल ना?

डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसते खांद्यावर थोपटून जातात. दादा, लवकर ये.

तुझ्यावर रागावलेली आणि तेवढीच माया करणारी,
धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

शब्द अकारविल्हे येतात. हा आला, मी कार्ड टाकलं. कुठल्या घरात जातंय हे मनातही आलं नाही. ताईला सांग, मुळात त्यात भेसूर काही नाही. 'प्र' म्हणजे पुढे, 'इत' म्हणजे गेलेला. प्रेत म्हणजे नुसता पुढे निघून गेलेला. कळा म्हणजे तेज. भीती मागे राहिलेल्यांनी भरली.

तुला म्हणून सांगतो, तिचं वाक्य खरं आहे. आईला शेवटचं पाहिलं, त्यानंतर तिचा दुसरा चेहरा मला आठवतच नाही. ताईचा तरी राहू दे, माझ्या सायकलमागे धावून लालबुंद झालेला. तिला कामाचं कारण सांग. 'प' छापखान्यात गेला की येतो.

दोघींवर जीव असलेला, पण पाय न निघणारा,
दादा

१८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न.

ताई गेली त्या दिवशी तू आलास, पण अंगणातच उभा राहिलास आणि तिथूनच परतलास. मी बोलले नाही. आज लिहिते.

कामाचं कारण सांगितलं तर ती म्हणाली, त्याला खोटं बोलता येत नाही आणि तुला तर मुळीच नाही. मग खुर्ची पलंगाच्या उशामागे ठेवून घेतली. तिथे बसला तर माझं तोंड दिसणार नाही त्याला, म्हणाली, गप्पा तरी मारेल. रोज गाडीच्या वेळी मान न वळवता विचारायची, आला का.

शेवटच्या दुपारी मीच त्या खुर्चीत बसले आणि तुझ्यासारखी खाकरले. ती बराच वेळ तुझ्याशी बोलत होती.

ते पत्रात लिहिणार नाही. तुझं आहे, येऊन घेऊन जा.

धाकटी