दोन चमचे व्हिस्की

स्पे नदीकाठ, स्कॉटलंड
रविवार, ४ मे २०२५

तीर्थरूप बाबा यांना मनस्विनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमच्या नियमाप्रमाणे आधी कागदावर लिहिलं आणि मग फोटो काढून पाठवला. फोनवर माणूस नुसता बोलतो, लिहिताना विचार करतो, हे तुमचं म्हणणं इथल्या थंडीत बोटांना फार जड जातंय.

शुक्रवारी सुरू झालेला व्हिस्की महोत्सव आज संपला. तीन दिवसांत एकतीस व्हिस्क्या हुंगल्या, जिभेवर घेतल्या आणि थुंकल्या. आपल्या व्हिस्कीच्या कारखान्यानं माझ्यासोबत पाठवलेल्या सोमनाथला पहिल्या दिवशी चारचौघांत थुंकायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो खोलीतून बाहेर आला नाही.

पण सांगायचं आहे ते आज सकाळचं. इथली एक भट्टी चाळीस वर्षांपूर्वी बंद पडली. तिच्या शेवटच्या पिंपातली व्हिस्की आम्हा बाराजणांना चाखायला मिळाली, माणशी चार चमचे. त्या भट्टीत कामाला असलेले एक आजोबा आले होते. ग्लास नाकाशी धरून ते कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले. नंतर मला म्हणाले की ही संपली की हा वास जगातून गेला. मला एकदम तुमची आठवण झाली.

माझ्या वाट्यातले दोन चमचे मी परवानगी काढून बाटलीत भरून घेतले. मला गुळाच्या ढेपेचं गोणपाट, टोपलीतला अगदी तळाचा पेरू आणि धूर एवढं सापडलं. चौथा एक वास आहे, त्याला नाव देता येत नाही. तुमच्याशिवाय ते कोण सांगणार? जूनमध्ये तुम्ही आपल्या कारखान्याची बाटल्यांत भरायची सोळा पिंपं निवडणार, तेव्हा मला शेजारी बसायचं आहे, म्हणून आतापासून नाकाला धार लावते आहे.

बाटली सोमनाथ आणतोय. ती कारखान्यातच तुमच्या हातात द्यायची, असं त्याला बजावलं आहे. थेंबभर घशाखाली नाही आणि बाटली उंबऱ्याच्या आत नाही, ही आईची लग्नाआधीची अट तुम्ही चाळीस वर्षं नुसत्या नाकावर काम करून पाळली. माझ्यामुळं मोडायला नको. मी इथं प्रशिक्षण आटोपून पंचवीसला निघेन.

माया आहेच, ती वाढत राहो.
तुमची,
मनू


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ मे २०२५

चि. मनस्विनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमनाथ भला माणूस, पण घाईचा. बाटली त्यानं थेट घरी आणून तुझ्या आईच्या हातात दिली. तरी तिनं काही आरडाओरड केली नाही. गच्चीवर नेऊन काय ते हुंगा, एवढंच म्हणाली.

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर तासभर त्या बाटलीबरोबर बसलो. गोणपाट बरोबर ओळखलंस, पेरूही. धूर मात्र लाकडाचा नव्हे, तिकडच्या दलदलीतल्या मातीचा. तुझा तो चौथा वास ओल्या लोकरीचा आहे. पावसात भिजलेली घोंगडी वाळत घातली की येतो तोच. फार थोर चीज आहे. जपून पाठवलीस, बरं वाटलं.

प्रकृतीला जप. तुझी खुशाली कळवत राहा.
तुझा,
बाबा


औरंगपुरा
१० मे २०२५

चि. मनूस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या विशाखाच्या फोनवरून येतंय. बाबांना दाखवू नकोस.

ती बाटली आली त्याच दिवशी मी मोरीत ओतली. चाळीस वर्षांत जे झालं नाही ते मी म्हातारपणी होऊ देईन होय? ओतल्यावर मात्र तुझं तोंड डोळ्यांपुढं आलं. मग त्यात गार झालेला कोरा चहा भरला. रंग तोच दिसत होता. वाटलं, हे बूच उघडतील, लगेच ओळखतील, माझ्यावर चिडतील आणि मी त्याहून जास्त चिडेन. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं.

जानेवारीत यांना ताप आला होता ना, तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. एकदा हे शेगडीजवळ पेपर वाचत बसले होते. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, मी देवळातून आले तर हे आपले बातम्या वाचताहेत. लक्ष नव्हतं म्हणाले. मी पातेलं घासायला घेतलं.

आणि परवा हे तासभर त्या चहाशी बसले आणि काल तुला ते पत्र लिहिलं. फोटो मीच काढून दिला, तेव्हा वाचलं. मनू, ज्या नाकावर माणसाचं सगळं आयुष्य गेलं ते नाक गेलंय आणि हे कुणालाच सांगत नाहीत. जूनमध्ये सोळा पिंपांपुढं बसून काय करणार? चुकीची पिंपं निघाली तर चार लोकांत काय उरेल यांचं? मला विचारायची हिंमत होत नाही. तू काय ते बघ.

अंगावर नीट पांघरूण घे.
तुझी आई,
भानुमती


स्कॉटलंड
१२ मे २०२५

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडलं. शेवटी सरळच लिहिते. त्या बाटलीत व्हिस्की नव्हती, कोरा चहा होता. आईवर रागावू नका. ती फार घाबरली आहे, आणि मीही.

मला एकच गोष्ट राहून राहून छळते आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा मी माझ्या टिपणात चौथ्या वासापुढं ओली लोकर असं लिहून टाकलं. मला तो लोकरीचा वाटला नव्हता, बाबा. तुम्ही म्हणालात म्हणून माझंच नाक चुकलं असं धरून चालले. जूनमध्येही तुम्ही सांगाल ते मी असंच मान्य करेन.

काय ते खरं सांगा. मी तुमचीच आहे.
मनू


औरंगपुरा
१५ मे २०२५

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

चहा होता हे मला माहीत होतं.

जानेवारीपासून मला कशाचाच वास येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध गुपचूप घेतलं, काही उपयोग नाही. तरी दारू हुंगली की नाकाला झोंबायची, तेवढंच उरलं होतं. त्या संध्याकाळी झोंबलंही नाही. वाटलं, आता नाक पुरतंच मेलं. राहवलं नाही म्हणून एक घोट घेतला आणि गिळला. तो चहा निघाला. खोटं कशाला सांगू, क्षणभर आनंदच झाला, की दोष बाटलीत होता.

तरीही तुला खोटं लिहिलं. तू विश्वासानं विचारलं होतंस आणि मला येत नाही असं लिहायला हात उचलेना. पण स्वतःच्या नाकाला चूक ठरवून तू माझं खोटं लिहिलंस, हे वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आधी खोड. चौथा वास कोणता ते मला माहीत नाही.

आज कारखान्याला कळवून टाकलं की पिंपं मनस्विनी निवडेल. मी शेजारी बसेन, पण तू विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

मग तुझ्या आईला सांगितलं. घोट चहाचा होता खरा, पण घेतला दारू समजून, तेव्हा अट मोडली ती मोडलीच. ते तिनं हातानंच उडवून लावलं. उलट विचारलं, इतके महिने रोज ताटावर बसून फोडणीचं कौतुक करत होतात ते कशाच्या जोरावर? ती खूप रडली. मीही.

आज दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून तिनं मोठ्यानं सांगितलं की मोहरी तडतडली. थोड्या वेळानं जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता. मी पेपर खाली ठेवला आणि वरण उकळेपर्यंत ऐकत बसलो.

सुखरूप ये. तुझ्यावरचा आमचा जीव तुला ठाऊक आहेच.
तुझा,
बाबा