तूर्त स्थगित

८ एप्रिल १९९८, बुधवार

बंद! अठ्ठावीस वर्षं हुबळीच्या या कन्नड शाळेतल्या ज्या मराठी विभागात शिकवलं, तो जूनपासून बंद. हेडमास्तरांनी कमिटीचा ठराव टेबलावर सरकवला – इंग्रजीत, चार ओळी. ‘अबॉलिशन ऑफ मराठी सेक्शन.’ वर म्हणतात, "पालकांना द्यायला मराठीत तुम्हीच करा बाई. आमचं मराठी बाजारापुरतं."

म्हणजे स्वतःच्या तेराव्याचं बोलावणं स्वतःच लिहायचं.

घरी येऊन कोश काढला. निर्मूलन – ते देवीच्या रोगाचं करतात. उच्चाटन – भुताखेतांचं. खालसा – संस्थानं व्हायची. आमची तर सातवीत जाणारी अकरा मुलं, एवढाच उरलेला विभाग. खालचे वर्ग केव्हाच आटले. अकरा मुलांसाठी एवढाले शब्द कशाला?

यांना विचारलं. हे कोर्टात शिरस्तेदार होते, सगळा जन्म कागदांत गेला. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "रद्द. त्यात शोधायचं काय?"

रद्द लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं – आणि रद्दीच डोळ्यांपुढे यायला लागली. शेवटी लिहिलं: ‘मराठी विभाग जूनपासून तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.’

आता जरा बरं वाटतंय.

१० एप्रिल

हेडमास्तरांनी न वाचताच सही केली. "सरि ऐति बिड्री, बाई." बरोबर आहे म्हणे, असू दे! माझ्याच अक्षरात सायक्लोस्टाइलच्या अकरा प्रती काढल्या आणि निकालाबरोबर वाटल्या.

११ एप्रिल

यांनी आज प्रत वाचली आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की समजावं.

"स्थगित म्हणजे स्टे. स्टे कधीतरी उठतो. हे उठणार आहे?"

मी म्हटलं, ऐकायला बरं वाटतं.

"कुणाला?"

मी भाजी निवडत राहिले. मग म्हणाले, "आमच्या अप्पांचं कुलकर्णी वतन गेलं, तेव्हा कागदावर सरळ लिहिलं होतं – रद्द. अप्पा महिन्याभरात गाव सोडून धारवाडला नोकरीला लागले. स्थगित लिहिलं असतं तर पारावर वाट बघत बसले असते."

कुणाला बरं वाटतं ते मला ठाऊक आहे. पण हे कशाला बोलून दाखवतात?

२ जून

वर्गाला कुलूप. मला ऑफिसात बसवलंय, दाखले लिहायला. निवृत्तीला दोन वर्षं, तोवर हेच.

दहा मुलांचे दाखले मे महिन्यातच गेलेत. पालकांनी शिपायाला कन्नडमध्ये विचारलं, त्यानं एका शब्दात सांगितलं. सगळे हुबळीच्या दुसऱ्या मराठी शाळेत. राहिली सावनी – वर्गातली पहिली. तिची आई भागीरथी उणकलला हार विकते. नवरा नाही. गडहिंग्लजकडची, कन्नड जेमतेम. मायलेकी गावी परत गेल्या असतील.

१७ जून

काही लिहावंसं वाटत नाही.

५ ऑगस्ट

उणकलच्या स्टॉपवर भागीरथी भेटली. गावी गेलीच नव्हती.

"बाई, कवा सुरू व्हनार?"

मला वाटलं बसचं विचारतेय. तिनं पिशवीतून माझा कागद काढला. चार घड्या, घडीवर फाटत आलेला.

"लोकं म्हनली शाळा बंद झाली. मी म्हटलं, बाईंच्या हातचं अक्षर हाय, बाई खोटं लिवायच्या न्हाईत. बंद कुठं लिवलंय हितं? स्थगित म्हंजे थांबलंय. म्हून आमी बी थांबलोय. पोरीनं पुस्तकांना कव्हरं बी घातली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बस आली आणि मी चढले. ती माझी बससुद्धा नव्हती.

७ ऑगस्ट

रजा टाकून त्या दुसऱ्या मराठी शाळेत गेले. हेडबाई भल्या आहेत, पण जुलैअखेर यादी वर गेली, आता नाव चढत नाही. "पुढच्या वर्षी बघू." खिडकीतून आमची दहाही मुलं दिसली. एकानं हात केला.

आमचे हेडमास्तर म्हणतात, कन्नड माध्यमात घेतो, पण कन्नड कच्चं म्हणून चौथीत. सावनीला बारावं सरलं. चौथीच्या बाकावर ती मावणार तरी आहे का?

वर्षभर घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही. अठ्ठावीस वर्षांत एकही आलेली मी पाहिली नाही.

८ ऑगस्ट

यांनी सगळं ऐकलं, पण चष्मा काढला नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं.

मला स्वतःची शिसारी आलीय. जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल शाईनं ‘अयोग्य शब्द’ लिहीत आले. एकदाच शब्द वापरायची वेळ आली, तेव्हा मनाला गोड लागेल तो उचलला. त्या बाईनं माझ्यावर नाही, अक्षरावर विश्वास ठेवला, आणि ते मीच तिला शाळेच्या सभेत सांगितलं होतं – लोकांचं ऐकू नका, कागद वाचा.

उद्या जाऊन सांगणार. रद्द. तोंडानं म्हणणार.

९ ऑगस्ट, रविवार

गेले. भागीरथी बाजारात होती. सावनीनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "रद्दच झालीय ना, बाई? मला एप्रिलातच कळलं. त्या शब्दापाशी तुमचं अक्षर वाकडं आलंय." मग दाराकडे बघत हळूच, "आईला सांगू नका. ती दर रविवारी माझं दप्तर धुते."

मी बरं म्हटलं.