आयकरवाल्यांचा फोन

आर्वी, १४ सप्टेंबर २००३

चि. प्रेमदास यास भाऊजींचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या ताईचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्याइतके नाहीत. तुझे पित्त कसे आहे? आयकर कचेरीत कारकुनी करून पित्त होणारच (चहा कमी कर).

पत्रास कारण की, सोमवारी दुकानात तुझ्या खात्याचा फोन आला, म्हणजे मी तसे समजलो. माणूस हिंदीत गरजत होता की तुमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काळा पैसा आहे, उद्या धाड पडेल, मिटवायचे तर पाच हजार रोख घेऊन एस.टी. स्टँडवर या आणि कोणाला सांगू नका. आता माझे दुकान भांड्यांचे. पोळ्यापासून खपला तो एक कुकर, आणि तोही शिटी होत नाही म्हणून परत आला. तरी घाबरून गल्ला मोजला हे खरे. मग तूच सांगितलेले आठवले, की खाते कागदाने बोलते, स्टँडवर रोख मागत नाही. मी त्याचे नाव, हुद्दा आणि कचेरीचा नंबर विचारला. तो अटकेची भाषा करू लागला, तेव्हा मी म्हटले, साहेब, दुकानावरच या, समोर पोलीस ठाणे आहे, बसायला सोयीचे पडेल. फोन कटला. मी ठाण्यात कळवूनही आलो.

इथपर्यंत मी शहाणा होतो. पण शेजारच्या कापडवाल्या रूपरावांनी "आयकर" एवढेच ऐकले होते. संध्याकाळी ते स्वतः येऊन म्हणाले, "महादेवराव, एवढी माया लपवून ठेवली काऊन? आमाले पत्ता नाई लागू देला." मी नाही म्हटले, पण हसून म्हटले. (आपल्या बाजारात आयकरवाले ज्याला विचारतात तोच शेठ, बाकीचे नुसते दुकानदार.)

खरा घोर रक्षाचा आहे. कारंज्याचे टायरवाले बापूजी, म्हणजे तिच्यासाठी पाहिलेल्या मुलाचे वडील, आपले घर हलके म्हणून उत्तरच देत नव्हते. पोरीला मुलगा आवडला आहे. ती बोलत नाही, पण फोन वाजला की तिची पोळी करपते. आयकराची ही बातमी तिकडे पोचली आणि लगेच निरोप आला, २१ तारखेच्या रविवारी बोलणीला येतो. तुझी ताई म्हणते, "खरं सांगून टाका, नाईतर पोरीले जन्मभर आयकावं लागन." मलाही ते पटते, पण पोरीचा चेहरा पाहिला की मी विषय बदलतो.

सौ. सुलोचनाबाईंस आशीर्वाद.

तुझा,
महादेवराव

ता.क. एक लहानशी खरी नोटीस पाठवता येईल काय? शिक्का ठळक असावा. रक्कम लिहू नको (भरायला नाही).

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवताना बापूजींचा फोन आला. त्यांनाही तसाच फोन आला होता, आणि ते स्टँडवर जाऊन पैसे देऊन आले. तुम्ही ठाण्यात कळवले म्हणे, फोन खोटा हे कसे ओळखले, असे विचारत होते. मला राहवले नाही. म्हटले, लपवायला काही नव्हतेच, म्हणून धीर झाला. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "माह्याजवळ बी काई नाई जी. दुकानाचा बोर्डच मोठा आहे."

"मंग पैसे काऊन देले?"

"इतके वर्ष शेठ म्हणवून घेतलं. नाई देले असते तं धाडीत काई निंगालं नसतं, अन् लोक म्हणले असते, बापूजीजवळ काईच नाई."

आम्ही दोघेही हसलो, आणि रविवारची बोलणी कायम आहे. रक्षाने आज पोळ्या नीट केल्या. तेव्हा नोटीस राहू दे. रविवारी तूच ये, आणि दारात जरा उभा राहा, म्हणजे आयकराचा माणूस आला हे चार लोकांना दिसेल. बापूजींचीही हीच विनंती आहे.