चलनातला फोटो

विनीतदादा,

गाडी तुझ्या नावावर आहे, म्हणजे स्पीडचं चलन आलं तर मेसेज तुलाच येणार. बोंब मारायच्या आधी ऐक. काल आईला धाप लागलेली, म्हणून तिला कल्याणहून ठाण्याच्या हॉस्पिटलात नेत होते. पुढे कंटेनर मुंगीच्या पावलांनी चाललेले. मी ओव्हरटेक करून गाडी पळवली, तर समोर कॅमेरा! तेव्हापासून मोबाइल वाजला की तूच असशील म्हणून आधी नाव बघते, मगच उचलते.

अरे, गणपतीनंतर आईला एक फोन केला नाहीस, आणि घाबरायचं मी?

हे पत्र पाठवतच नाही. चलनच येऊ दे. त्यात फोटो असतो. माझ्या शेजारी सुकलेली बाई दिसेल, ती आपली आई आहे.

निशिगंधा