तुझ्याच नावानं उमरा

मावशी, काल मक्केला जाऊन तुझ्या नावानं उमरा करून आलो. आता इथं सौदीत, राबिघच्या खोलीवर बसलोय, डोक्याचा तुळतुळीत गोटा झालाय आणि फार हलकं वाटतंय.

त्या मुलीपायी मी कॉलेज सोडलं, तेव्हा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "प्रेम कर रे बाबा, पण पुस्तकांनी तुझं काय घोडं मारलं?" (ती अजून माझा फोन उचलते. कधीकधी.) तुझ्या त्या स्वयंपाकघरात नेहमी कुणीतरी रडत आलेलं असायचं, घरातून हाकललेलं, नाहीतर दवाखान्यात बायकांच्या रांगेतून काढलेलं. तू आधी चहा पाजायचीस, मग पदर खोचून त्यांच्याबरोबर निघायचीस. तू सिद्दी, म्हणून लोक काळी म्हणायचे. साडी नेसायचीस, म्हणून छक्का. तहसील कचेरीत एकानं दोन्ही एका दमात ऐकवलं, तर तू म्हणालीस, "एका वेळी एकच शिवी द्या साहेब, उत्तर द्यायला बरं पडतं." आणि रेशनकार्डावर तुझं तू ठेवलेलं नाव येईपर्यंत तिथून हलली नाहीस.

तू गेलीस तेव्हा मशिदीतून मयत पुकारताना घेतलं ते मात्र बापानं ठेवलेलं नाव. पहिल्यांदाच ऐकत होतो मी ते. माईक हिसकावायला धावलो, तर चौघांनी धरून बाहेर काढलं. त्याच नावानं तुला पुरलं, मावशी. इतकी वर्षं ते घशात अडकून होतं.

म्हणून काल इहरामची पांढरी वस्त्रं बांधताना मी भांडायच्या तयारीतच होतो. मेलेल्या माणसाच्या वतीनं उमरा करायचा, तर नियत करताना, म्हणजे संकल्प बोलताना, त्याचं नाव घ्यावं लागतं. सोबत आमच्या प्लांटमधले रत्नागिरीचे चाचा. त्यांनी विचारलं, "कुणासाठी करतोस?" मी आवाज चढवून तुझं नाव सांगितलं, वर म्हटलं, "हिजडा होती ती. बोला, काय बोलायचंय?"

चाचांनी पिशवी खांद्याला मारली. "अरे, माझ्यावर कशाला ओरडतोस? नाव घे तिचं आणि यल्ला, चल लवकर, बस सुटेल."

खलास. एवढंच. मी तुझं नाव घेतलं. काबाभोवती फिरतानाही घेत राहिलो, मोठ्यानं. त्या गर्दीत एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

परत येताना चाचांनी सहज विचारलं, "आईबापानं काय नाव ठेवलं होतं रे तिचं?" मी तोंड उघडलं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगून टाकतो. ज्या नावापायी मी गावाशी भांडलो, ते मला आठवलंच नाही.