दाढीला गेलेले बाबा

२३ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळींची चपराक. माझा गुडघा आता बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. आईला पाठवलेल्या मऊ चपला तिच्या पायात नीट बसतात का, ते कळव.

तू लिहितेस, "सख्खी बहीण आत बसलेली असून आमचाच अर्ज बाद. आता महिन्याभरात केंद्राची जागा सोडायची. चौदा विसराळू म्हाताऱ्यांना दिवसभर कुठे ठेवू?" हो, झाला बाद. मीच केला. पण आमच्याकडे अर्ज मंजूर कसे होतात, ते आधी ऐक.

पेपरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं देणग्या वाटणारं प्रतिष्ठान. दर गुरुवारी लांब टेबलावर संस्थांचे फोटो मांडतात. अर्ज कपाटात असतात, ते वाचायला कुणाला वेळ नाही. पेपरच्या मालकीणबाई चहाचा कप घेऊन टेबलाभोवती फिरतात, पडद्याचं कापड निवडावं तशा. "ह्याने काही गलबलत नाही," की अंधशाळा बाजूला. "हे मूल फारच गुटगुटीत आहे," की पाळणाघर बाजूला. संपादक मान डोलावतात. त्यांची मान तेवढ्यासाठीच पगारी आहे. ज्या फोटोने बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं तो रविवारी पहिल्या पानावर, शेजारी बाईंचा, रुमालासकट. खालचा मजकूर अकरा वर्षं मी लिहिते. 'सुरकुत्यांमागची व्यथा' हे शब्द माझे. लिहिताना कधी हात अडखळला नाही.

तुझं केंद्र मंजूर व्हावं असं मला मनापासून वाटत होतं गं. म्हणून फोटोग्राफरला घेऊन मी स्वतः आले. तू औषधं आणायला गेली होतीस. आई खिडकीशी मोजे जुळवत बसली होती, अगदी खुशीत. मला म्हणाली, "या बाई, बसा. आमचे हे दाढीला गेलेत, येतीलच." चार वर्षं चाललीय बाबांची दाढी. ते वाक्य कुणी खोडायचं नाही, हा तुझा तिथला नियम. स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा म्हणाल्या, "रांग असेल हो आजी."

फोटोग्राफर माझ्या कानाशी पुटपुटला, "मॅडम, ह्या तर हसतायत. गुरुवारी चालायचं नाही हे."

मागे तू विचारलं होतंस, त्या दिवशी आई जेवली का नाही, संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून का बसली. मी लिहिलं होतं, हवा बदलली म्हणून असेल.

हवा नव्हती, ताई. मी तिच्यासमोर वाकले आणि म्हटलं, "आई, बाबा वारलेत." ती म्हणाली, "कधी?" त्या क्षणी फोटो निघाला.

गुरुवारी बाईंनी तो उचलून छातीशी धरला. "काय चेहरा आहे. पुढच्या वर्षीही ह्यांनाच घेऊ. असाच काढा."

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "घरच्यांची परवानगी नाही."

"घरचे कोण?"

"मी."

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी आईचा हसरा फोटो पुढे केला. बाई म्हणाल्या, "ह्यांचं तर बरं चाललंय," आणि कप खाली ठेवला. झालं.

मला त्यांची किळस येते. पण फोटो हवा होता त्यांना, आणि काढून दिला मी.

तो फोटो ह्या पाकिटात उलटा ठेवला आहे. पाहायचा की न पाहता फाडायचा, तू ठरव. माझ्या घराची पुढची खोली मी रिकामी केली आहे. चौदा खुर्च्या दाटीवाटीने बसतात, शेजाऱ्यांच्या आणून लावून पाहिल्या. तू तिथे पाऊल ठेवशील की नाही, माहीत नाही. क्षमा कर असं लिहीत नाही, तो पुन्हा फोटोखालचा मजकूर होईल.

आईने बाबांची आठवण काढली, तर माझ्या वतीने तेवढं सांग, आज रांग मोठी आहे.

ठेवलीस तर तुझीच,
धाकटी