मेडशीच्या फाइलवरचे दुसरे नाव

मी, श्रीमती निर्मला मारोतराव महल्ले, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशिम, हे लिहून ठेवते. आधार कार्डावर माझे वय चौसष्ट आहे, खरे थोडे जास्त असेल. गुडघे आणि डावा कान सोडला तर शरीराची तक्रार नाही. डोके ताळ्यावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून कागदही पुढे केलेला नाही. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. वाचायला खरी शिकले ती लग्नानंतर, कॅसेटच्या डब्यांवरची नावे आणि एसटीच्या पाट्या वाचून. म्हणून हा मजकूर माझ्याच हाताचा आहे. वाशिमच्या वकिलांनी काही शब्द घालून दिले; जे मला समजले ते ठेवले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे यजमान मारोतराव यांना जाऊन चार वर्षे झाली. या पंचक्रोशीतल्या लग्नांना, भागवताला, तेरवीला भोंगा आमचाच असे. महल्ले साउंड सर्व्हिस. मांडवात बायका गाऊ लागल्या की हे दुसऱ्या यंत्रावर ते उतरवून घेत. त्याचे कोणी पैसे देत नव्हते. ते आवाज आज माझ्याजवळ आहेत. माझ्यानंतर ते कोणाकडे जावेत आणि कसे जावेत, यासाठीच मुख्यतः हा कागद आहे. बाकीचे आधी उरकते.

कलम एक. अनसिंगचे राहते घर, मागच्या मोकळ्या जागेसह, माझी मुलगी रुचिका हिला द्यावे. ती नाशिकला असते. ती घर विकणार हे मला माहीत आहे. विकावे. तिने इथे येऊन राहावे अशी माझी अट नाही. फक्त विकण्याआधी माळ्यावरचे जाते खाली काढून घ्यावे; नवीन मालक त्याची पायरी करेल.

कलम दोन. बँकेत जे असेल ते रुचिकाचे. माझ्या क्रियाकर्माचा खर्च त्यातूनच करावा. तेरवीला भोंगा लावू नये. आयुष्यभर ऐकला.

कलम तीन. अ‍ॅम्प्लिफायर, मोठे बॉक्स, वायरींची पेटी, स्टँड आणि हातगाडी हे सर्व माझे पुतणे देवानंद यांना द्यावे. देवानंद हा यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. काम यांच्याच हाताखाली शिकला आणि आता तोच सर्व्हिस चालवतो. हे त्याचेच आहे, यात उपकार नाही. ज्या माइकला पोचा पडलेला आहे तो मात्र मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाला द्यावा. पोचा त्यांनीच पाडला.

कलम चार. गावातले मोहनसिंग यांनी एका निवडणुकीत आमच्या भोंग्यांची जोडी नेली आणि एकच परत आणला. विचारले की म्हणत, "पाहून राह्यलो ना वहिनी, भेटला की आनतो." ते अजून पाहूनच राह्यले. सबब, जोडीतला उरलेला भोंगा मोहनसिंग यांना द्यावा. एकटा आमच्याकडे काय कामाचा.

कलम पाच. आता आवाजांचे.

ज्यांना यातले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे सगळे आवाज यांनीच शेवटी कॅसेटवरून उतरवले; आता ते एका काळ्या हार्ड डिस्कवर फ्लॅक नावाच्या फाइलींमध्ये आहेत. फ्लॅक म्हणजे आवाजातले काहीही न टाकता जागा कमी करून ठेवलेली फाइल. प्रत्येक फाइलीसोबत एक चिठ्ठी बांधलेली असते: गाणे कोणते, गाव कोणते, गायले कोणी. त्याला टॅग म्हणतात. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुसरे काही नीट चालत नव्हते. म्हणून वाशिमच्या दुकानवाल्या गोविंदसिंग यांनी मला काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चिठ्ठी बदलायला शिकवले. सुरुवातीला भीती वाटली. नंतर बरे वाटू लागले. जे लिहिले तेवढेच ते करते, मध्ये बोलत नाही.

हे गेल्यावर मी एकेक फाइल ऐकायला बसले. ऐकण्यावाचून दुसरे काम नव्हते. चिठ्ठ्यांवर यांनी लिहिले होते: गणेशची माय. पाटलाची सून. धनजवाली. यात यांची चूक म्हणता येत नाही. हे नाव विचारत आणि बाया तेच सांगत. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात आणि जुने तिथेच संपते. मूल झाले की नवेही कोणी घेत नाही. मीही माहेरची पंचफुला. लग्नाच्या दिवशी निर्मला झाले, नंतर रुचिकाची माय.

मग मी गावोगाव गेले. अनसिंग, मेडशी, धनज, तांडे. हातात मोबाइल, त्यात त्या त्या बाईचा आवाज. तिला तो ऐकवायचा आणि नाव विचारायचे. कोणी लाजले, कोणी रडले. एक म्हणाली, "कायले पाह्यजे वो आता? रेशन बंद होते काय?" मेटाफ्लॅक नावाचा तो हुकूम मुद्दाम सांगितल्याशिवाय जुने पुसत नाही, नवे त्याच्याशेजारी जोडतो. म्हणून प्रत्येक फाइलीवर कलाकाराच्या जागी मी दोन नावे ठेवली, सासरचे आणि माहेरचे. ती चूक नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे.

कारण देवानंदला ती चूक वाटली. मागच्या पोळ्याला तो घरी आला. मी जेवण वाढत होते आणि तो कॉम्प्युटरवर बसला होता.

"काकू, एका गान्यावर दोन-दोन नावं पडले होते. तुमच्या हातून झालं असन. म्या सगळं साफ केलं."

"साफ म्हणजे?"

"एकाच हुकुमात. नाव काढलं न् सगळ्यावर महल्ले साउंड टाकलं. काकाचं नाव राहाले नको काय?"

"तुह्या काकानं गायलं काय रे ते?"

तो हसला. माझ्याकडे पाहिल्यावर हसायचा थांबला. फाइलींच्या नावाच्या जागी त्याने चांदणीसारखी फुली (*) टाकली होती. फुली म्हणजे सगळ्या. सासरची नावे, माहेरची नावे, सगळी गेली. वाढलेले ताट तसेच राहिले.

मी आधी आवाज शाबूत आहेत का ते पाहिले. प्रत्येक फाइलीच्या पोटात आवाजाचा एक लांब आकडा असतो. चिठ्ठीवर काहीही खोडले, काहीही लिहिले तरी तो बदलत नाही. दर दिवाळीला मी एक प्रत काढून ठेवते. तिच्याशी मी आकडे लावून पाहिले. सगळे जुळले. त्या प्रतीतून बरीच नावेही परत आली. मधल्या काळात जमवलेली नावे मात्र कुठेच नव्हती. मी पुन्हा एसटी धरली. त्या बायकांनी पुन्हा सांगितली. एक सोडून.

मेडशीच्या गोजराबाई उन्हाळ्यात वारल्या होत्या. त्यांच्याइतका मोकळा आवाज या डिस्कवर दुसरा नाही. त्यांनी माहेरचे नाव माझ्या कानाशी येऊन सांगितले होते आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ते हसणे मला आठवते. नाव आठवत नाही. मी त्यांच्या घरी गेले. मुलगा गणेश म्हणाला, "काकू, माय म्हणजे माय. तिले आनखी काय नाव राह्यते?" सून वैष्णवीने कपाटातले सगळे कागद काढून पाहिले, सगळीकडे गोजराबाईच. माहेर धनजचे, तिथला भाऊ आधीच गेलेला. भाचा म्हणाला, "आमी तर आत्याच म्हनो." मी परत आले. त्या फाइलीवर एकच नाव आहे.

सबब, काळी डिस्क, तिची प्रत आणि कॉम्प्युटर हे देवानंदला न देता पिंकी राठोड हिला द्यावे. पिंकी ही आमच्या जवळच्या तांड्यावरच्या सेवालाल यांची सून, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. तिची आजेसासू सोनीबाई हिची लेंगी, म्हणजे तांड्यावरचे होळीचे गाणे, या डिस्कवर आहे. पिंकीने ती ऐकली आणि म्हणाली, "आजी, यातला पहिलाच आवाज आमच्या बुढीचा हाय. पुढचा तिच्या जावेचा. दोघी भांडत होत्या, त्याच्यानं दोघीचं वेगळं लिहा." जिला भांडणासकट माहिती आहे तिच्याकडे ही वस्तू राहावी. गायलेल्या बायकांच्या घरचे कोणी मागितले तर पिंकीने त्यांची फाइल द्यावी. काही घेऊ नये. नाव काढून कोणालाच देऊ नये. आणि फुली टाकून हुकूम कधीही देऊ नये, एका वेळी एकच फाइल.

देवानंदला डिस्कची एक प्रत मिळेल, पण गोजराबाईंचे माहेरचे नाव आणून दिल्यावरच. मी असताना आणले तर मी देईन, नंतर आणले तर पिंकीने द्यावी. हे कलम मी त्याला समोर बसवून वाचून दाखवले. तो म्हणाला, "एका नावासाठी एवढं, काकू?" मी हो म्हटले. तो चप्पल घालून निघून गेला आणि संक्रांतीला आला नाही.

कलम सहा. एका फाइलीवर माझा आवाज आहे. तुरीची डाळ भरडत असताना यांनी मला न सांगता तो घेतला. मध्येच मी ओरडते, "कोन हाय तिकडं? मांजर हाय काय?" आणि यांचे हसू दाबलेले ऐकू येते. यांच्या आवाजाचे तेवढेच आहे माझ्याजवळ. कलाकाराच्या जागी यांनी लिहिले आहे: घरची. ती चिठ्ठी मी बदलली नाही, आपले नाव आपणच लावणे बरे दिसत नाही. ते काम माझ्यानंतर पिंकीने करावे. "घरची" हा शब्द पुसू नये. निर्मला आणि पंचफुला त्याच्याशेजारी जोडावे.

कलम सात. या कागदाप्रमाणे सगळे होते की नाही ते गोविंदसिंग यांनी पाहावे. भांडण झाले तर चहा करून घ्यावा आणि कलम पाच पुन्हा वाचावे.

जोड. वरचा मजकूर पूर्ण होऊन वकिलांकडे पडून होता, सही राहिली होती. काल दुपारी देवानंद आला. अंगावर मांडवाची धूळ, गाडी दारात चालूच.

"काकू, सापडलं."

"काय?"

"गोजराबाईचं. धनजले लग्न होतं, साउंड आपलाच. अक्षता पडल्यावर म्या माइकवरच इचारलं, मेडशीले देल्ली गोजराबाई, तिचं लहानपनचं नाव कोनाले ठावं हाय काय? नवरदेवाचा बाप अंगावर धावला, म्हने लग्न कोनाचं चालू हाय. तेवढ्यात बायांमधून एक बुढी उठली न् तिथूनच वरडली, गोजराबाई कोन रे? दुर्पता होय ते! आमी संगं गोवऱ्या वेचल्या!"

दुर्पता. ऐकल्याबरोबर मलाही आठवले. हेच सांगून त्या हसल्या होत्या.

मी त्याला गाडी बंद करायला सांगितली आणि कॉम्प्युटरपुढे बसवले. तो म्हणाला, तुम्हीच लिहा. मी म्हटले, तू पुसले, तूच लिही. त्याने फाइलीचे नाव अक्षर अक्षर पाहून टाइप केले, फुली टाकली नाही. मग माझ्याकडे वळला. "आधीचं काढू काय?"

"काढू नको. जोड."

त्याने असे लिहिले:

metaflac --set-tag="ARTIST=दुर्पता" medshi-gojarabai.flac

आवाजाचा आकडा त्यानेच तपासला. जुळला. मग आम्ही ते गाणे पूर्ण ऐकले. तो जेवून गेला. जाताना डिस्कची प्रत नेली.

वकील म्हणाले, आता कलम पाच खोडून नवीन लिहू, कागद स्वच्छ दिसेल. मी नको म्हटले. त्याने पुसले होते हेही खरे आणि त्याने शोधून आणले हेही खरे. कलम पाच जसे आहे तसे राहील आणि त्याच्यासोबत ही जोड वाचावी. मूळ डिस्क पिंकीचीच.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, बरोबर आहे. आता मला थोडे पडायचे आहे.

ठिकाण: अनसिंग, ता. जि. वाशिम
दिनांक: १२ मार्च २०२५

सही
निर्मला मारोतराव महल्ले
पंचफुला

साक्षीदार. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. ज्यांना यातून काही मिळते त्यांची साक्ष घेतलेली नाही.

१. गोविंदसिंग चव्हाण, वाशिम

२. बेबीबाई इंगोले, अनसिंग, शेजारीण. सही करताना तिने विचारले, "मी बी दोन लिहू काय?" वकील काही बोलण्याआधी तिने लिहिले.

बेबीबाई इंगोले
शेवंता